यापेक्षा अंधुक

कालनिर्णय १९७३ साली निघालं, आणि त्यानंतर मराठी घरांतल्या माणसांच्या दोन जाती स्पष्ट दिसू लागल्या. एक जात त्या कॅलेंडरात वाचते: संकष्टी कधी, चंद्रोदय किती वाजता, जोडून सुट्टी आली आहे का. दुसरी जात त्यात लिहिते. गॅस लावल्याची तारीख, दुधाचा खाडा, भांडीवालीची दांडी, इन्व्हर्टरला पाणी घातलं तो दिवस. या दुसऱ्या जातीला लोक उगाच कंजूष म्हणतात. कंजूष माणूस हिशेब ठेवतो तो पुढे चार पैसे वाचावेत म्हणून. या मंडळींना पुढे काहीच करायचं नसतं. सिलिंडर एकोणचाळीस दिवस गेला हे कळल्यावर चाळीसाव्या दिवसाच्या आशेनं ते गॅस बारीक करत नाहीत. एकोणचाळीस हा आकडा चौकोनात लिहून झाला की त्यांना छान झोप लागते, इतकंच.

आमच्या मीरा रोडच्या सोसायटीतले नाना या दुसऱ्या जातीचे. मात्र त्यांच्या कॅलेंडरात दूधवाला नाही. चौकोनाचौकोनांत पेन्सिलीनं बारीक आकडे असतात: ६.८, ७.१, मग एक आडवी रेघ, मग ७.२. आडवी रेघ म्हणजे ढग. आकडे एका ताऱ्याचे. रेल्वेच्या लेखा विभागातून निवृत्त झालेला हा माणूस कित्येक वर्षं आकाशातल्या एका लाल ताऱ्याचा खाडा ठेवतो आहे, आणि एकूण बघता तारा आमच्या दूधवाल्यापेक्षा फारसा नियमित नाही.

मृग नक्षत्र सगळ्यांना माहीत असतं. त्याच्या पायाशी राजन्य हा निळसर पांढरा ठळक तारा. तिथून दक्षिणेला उतरून जरा पश्चिमेकडे वळलं की शशक तारकासमूहाच्या हद्दीवर हा सापडतो, म्हणजे ज्याला सापडायचा त्याला. याद्यांमधलं नाव 'आर लेपोरिस'. लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या एका खासगी वेधशाळेत जॉन रसेल हाइंड या बावीस वर्षांच्या तरुणाला तो ऑक्टोबर १८४५मध्ये दिसला. काळ्या पटावर रक्ताचा थेंब पडावा तसा हा तारा आहे, असं काहीसं त्यानं लिहून ठेवलं आणि तेव्हापासून हाइंडचा किरमिजी तारा हे नाव पडलं. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी सुटायला तेव्हा अजून साडेसात वर्षं होती.

नाना किरमिजी वगैरे म्हणत नाहीत. ते नुसतं 'आर' म्हणतात. लिफ्टमध्ये भेटले की नमस्काराऐवजी म्हणतात, "आर आज सात-दोन." नव्या भाडेकरूंचा यामुळे गोंधळ होतो, कारण मीरा रोडमध्ये सात-दोन म्हटलं की माणूस आधी घड्याळ बघतो. एका गरिबानं विचारलंसुद्धा, "स्लो की फास्ट?" नाना जरा थांबले आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "सध्या स्लो. पण उतरायला लागलाय."

लिफ्ट बंद पडलेली असली आणि तुम्ही नानांबरोबर जिन्यात सापडलात, तर तिसऱ्या मजल्यापर्यंत तुम्हाला ताऱ्याचं शरीरशास्त्र समजतं. तारा म्हातारा आहे. पोटातला हायड्रोजन संपल्यावर फुगलाय, इतका की सूर्याच्या जागी आणून ठेवला तर बुध आणि शुक्र सहज गिळेल. आत हेलियम जळून जो कार्बन तयार झाला तो ढवळला जाऊन वर आला. साध्या ताऱ्यांत कार्बनपेक्षा ऑक्सिजन जास्त असतो, याच्यात उलटं. सगळा ऑक्सिजन कार्बन मोनॉक्साइडमध्ये अडकून पडतो आणि तरी कार्बन उरतोच. उरलेल्याची संयुगं होतात, काजळी होते, आणि ती निळा प्रकाश खाऊन टाकते. कंदिलाची काच काजळली की ज्योत तांबडी दिसते, तसा तो लाल. शिवाय तारा फुगतो, आकसतो. एक फेरा सव्वाचारशे ते साडेचारशे दिवसांचा, म्हणजे चौदा-पंधरा महिन्यांचा. ऐन भरात साडेपाच प्रतीचा, पडला की साडेअकराच्याही खाली. तीनशे पट फरक! आणि जितका मंद तितका जास्त लाल. म्हणजे ज्या रंगासाठी त्याची ख्याती, तो रंग खुलतो तेव्हा तो दिसत नाही, आणि नीट दिसतो तेव्हा असतो आपला तांबूस नारिंगी. नानांचं त्याच्याशी जमलं ते या एका गुणामुळे, असं काकूंचं मत आहे.

"मीरा रोडला राहता, मग 'मीरा' नावाचा तारा का नाही बघत?" हा विनोद प्रत्येक नवा माणूस नानांना ऐकवतो आणि प्रत्येकाला तो आपणच पहिल्यांदा केल्यासारखा वाटतो. मीरा आहे तिमिंगल तारकासमूहात. डेव्हिड फाब्रिसियसनं तिची नोंद १५९६ साली केली. लांब मुदतीनं फुगणाऱ्या-आकसणाऱ्या ताऱ्यांची अख्खी जात तिच्या नावानं ओळखली जाते, आणि 'आर' त्याच जातीतला. हे सगळं नाना शांतपणे सांगतात. मीराचा फेरा ३३२ दिवसांचा, म्हणजे अकरा महिन्यांचा, म्हणजे बरोबर लिव्ह-अँड-लायसन्सच्या कराराइतका. मीरा रोडशी तिचा संबंध असलाच तर एवढाच, असं ते म्हणतात. "आणि तिला बघणारे पुष्कळ आहेत. तिचं माझ्यावाचून अडत नाही." 'आर'लाही बघणारे जगभर पुष्कळ आहेत, पण ते मी त्यांना बोलून दाखवलेलं नाही.

नानांशी व्यवहार करायचा तर प्रत म्हणजे काय ते आधी समजून घ्यावं लागतं. ठळक तारे पहिल्या प्रतीचे आणि जेमतेम दिसणारे सहाव्या, ही वर्गवारी प्राचीन ग्रीकांची. १८५६ साली पॉग्सननं तिला गणितात बसवलं: पाच प्रतींचा फरक म्हणजे बरोबर शंभर पट. गोम अशी की आकडा वाढतो तसं तेज कमी होतं. एक हे उत्तम, सहा म्हणजे डोळे ताणून बघा, आणि आठ म्हणजे दुर्बीण काढा. ताऱ्यांपुरतं हे ठीक होतं. नानांनी ते सगळ्या आयुष्याला लावलं. काकूंची आमटी चार-तीन झाली की त्या समजतात, मीठ कमी. सेक्रेटरी मात्र नवे होते. गणेशोत्सवात आमच्या सोसायटीचा ऑर्केस्ट्रा झाला. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी प्रत्येकाला विचारत फिरत होते, कसा वाटला. "आठ," नाना म्हणाले. सेक्रेटरींनी हे सूचनाफलकावर लावलं: ज्येष्ठ सभासदांकडून दहापैकी आठ गुण. पुढच्या वर्षी तोच ऑर्केस्ट्रा आला. नाना त्या रात्री घरी बसले आणि काकूंना म्हणाले, "नऊ-पाच. आता आपल्या दुर्बिणीच्याही आवाक्याबाहेर चाललाय."

ताऱ्याचं तेज मोजायला नानांकडे यंत्र नाही. डोळा. आसपासचे काही तारे ठरलेले असतात, त्यांचं तेज पक्कं ठाऊक असतं आणि ते बदलत नाही. 'आर' या ताऱ्यापेक्षा मंद, त्या ताऱ्यापेक्षा ठळक, मग मधलं अंतर किती दशांशांचं, ते मनाशी ठरवायचं. सोपं वाटतं, पण लाल तारा लबाड असतो. त्याच्याकडे टक लावून बघत राहिलं की तो डोळ्यात साचत जातो आणि आहे त्याहून ठळक भासतो. म्हणून पटकन बघायचं आणि नजर काढून घ्यायची. हा नियम नानांच्या एकदा कायद्याच्या कलमासारखा उपयोगी पडला. समोरच्या इमारतीतून आमच्या सोसायटीकडे तक्रार आली की तुमच्या गच्चीवरचे एक म्हातारे गृहस्थ रात्री दुर्बीण लावून खिडक्यांत बघतात. विषय सर्वसाधारण सभेत आला. नाना उभे राहिले, घसा साफ केला आणि म्हणाले, "कोणत्याही गोष्टीकडे टक लावून बघणं आमच्या शास्त्रात वर्ज्य आहे." सभेत शांतता पसरली. मग ते बसता बसता म्हणाले, "दुसरं असं की खिडक्यांत काही बदलत नाही. सगळे टीव्ही बघतात." पहिल्या वाक्यानं मिटलेली तक्रार या दुसऱ्या वाक्यानं परत उघडली, पण शेवटी इतिवृत्तात पहिलंच लिहिलं गेलं.

दुसरा नियम, आधीचा आकडा बघायचा नाही. काल सात-दोन होता हे मनात असलं की आज सात-तीनच दिसतो. मन हे मोठं आज्ञाधारक जनावर आहे. म्हणून गच्चीवर जायच्या आधी काकू स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पंचा टाकतात. कोणी पाहुणे आलेले असले तर त्यांना वाटतं घरात काही अशुभ घडलंय.

आणि मग ज्युलियन दिवस. आकाशाचा हिशेब ठेवणारे लोक आपली तारीख वापरत नाहीत. इसवी सनापूर्वी ४७१३च्या एक जानेवारीपासून ते नुसते दिवस मोजत येतात, आणि त्यांचा दिवस ग्रिनिचच्या दुपारी बाराला बदलतो, म्हणजे अख्खी रात्र एकाच तारखेत मावते. ग्रिनिचची दुपार म्हणजे आपली संध्याकाळची साडेपाच. त्यामुळे नानांचा दिवस रोज चहाबरोबर सुरू होतो. सकाळी भेटलात तर ते "आजचं" म्हणून काल रात्रीची गोष्ट सांगतात. २४ फेब्रुवारी २०२३च्या संध्याकाळी साडेपाचला या मोजणीचा चोवीस लाख साठ हजारावा दिवस लागला. नाना घरोघर पेढे घेऊन आले. तळमजल्यावरच्या एका आजींनी पेढा तोंडात टाकून विचारलं, "मुलगा की मुलगी?" नाना म्हणाले, "शून्य शून्य शून्य शून्य." आजींनी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला.

एवढ्या सगळ्यावर गच्चीची किल्ली त्यांच्याकडे कशी, असं कोणालाही वाटेल. आमच्याकडे गच्चीची किल्ली ही सत्ता असते. ती सेक्रेटरीच्या लॉकरमधून फक्त पापड, लग्न आणि डिशटीव्हीवाला यांच्यासाठी निघते. पण आमच्याकडे पाणीही रात्री-अपरात्री येतं. कधी एकला, कधी पावणेतीनला. मोटार लावायला कोणी जागं हवं, आणि सबंध इमारतीत त्या वेळी जागा आणि शुद्धीवर असणारा सभासद एकच. तेव्हा तडजोड झाली. नानांनी तारा बघावा आणि पाणी आलं की मोटार लावावी. कॅलेंडरच्या चौकोनात आता ताऱ्याखाली टाकीही असते, आणि माझं प्रामाणिक मत आहे की त्या दोन आकड्यांपैकी टाकीचा फेरा समजायला अधिक कठीण. वॉचमन मूळचा बिहारचा. तो नानांबरोबर राहून राहून व्याध आणि काक्षी ओळखायला शिकला, आणि गावाला फोनवर बायकोलाही दाखवतो म्हणे, एकाच वेळी दोघांनी वर बघून.

दुर्बीण सहा इंची, आरशाची, काकूंच्या जुन्या इरकली साडीत गुंडाळलेली. ती लिफ्टमध्ये चढली की चार माणसं उतरतात. कार्तिकात 'आर' रात्री काशिमीऱ्यामागच्या राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरावरून वर येतो, तेवढा आमच्या आकाशाचा काळोखा कोपरा. तिथून तो दक्षिणेकडे सरकतो, म्हणजे दहिसर, बोरिवली आणि पुढे कुलाब्यापर्यंत पेटलेल्या मुंबईच्या डोक्यावर. अशा उजेडात शहरातला माणूस चंद्र आणि गुरू बघून समाधान मानतो. वांगणीला खगोल मंडळाचे रात्रभराचे आकाशदर्शन कार्यक्रम होतात, तिथे नाना हौसेनं जातात. शनीच्या कड्यांसाठी रांग लागते. मुलं "आईशपथ" म्हणतात. नाना कोपऱ्यात उभे राहून एखाद्या चुकलेल्या मुलाला पकडतात आणि शशक दाखवतात. मुलगा नळीत डोकावतो. "दिसला?" "हो." "कसा आहे?" "छोटा." नाना खूश होतात. ठिपक्याला ठिपका म्हणणारा माणूस त्यांना विश्वासू वाटतो.

त्यांचं खरं पाणी कळतं ते तारा दिसत नाही तेव्हा. 'आर' खाली गेला की मीरा रोडच्या उजेडात सहा इंची दुर्बिणीला तो सापडत नाही. साधा माणूस अशा वेळी घरी जाऊन झोपेल. नाना आधी बघतात की आसपासचा सर्वांत मंद कोणता तारा दिसतोय. समजा दहा-आठचा दिसला. मग नोंद होते: दहा-आठपेक्षा अंधुक. ही पुरी, सन्माननीय, अमेरिकेतल्या निरीक्षकांच्या संघटनेला पाठवता येण्याजोगी नोंद आहे. न दिसण्यालाही आकडा पाहिजे. नुसतं "दिसला नाही" म्हणणं नानांना अडाणीपणाचं वाटतं. कुठवर बघितलं आणि तरी दिसला नाही, ते सांगा. हा दंडक ते घरातही चालवतात. काकूंनी विचारलं, "माझा चष्मा दिसला का हो?" तर उत्तर येतं, "दिवाणखाना, बाल्कनी आणि फ्रिजचा वरचा कप्पा, यापेक्षा अंधुक." मेंटेनन्सचा चेक पोचला नाही म्हणून सेक्रेटरी तावातावानं आले, तेव्हा नानांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "तुम्ही कुठपर्यंत बघितलंत?" सेक्रेटरींनी फायली सोसायटीच्या कपाटापर्यंत पाहिल्या होत्या. चेक त्यांच्या स्वतःच्या खिशात निघाला.

शोकेसमध्ये काचेच्या हत्तीशेजारी एका बंगाली गृहस्थांचा छापील फोटो आहे. आमचे गुजराती शेजारी आले की बूट काढून त्याला हात जोडतात. नानाभाईंचे गुरुमहाराज असतील अशी त्यांची समजूत आहे, आणि ती अगदीच खोटी नाही. ते राधागोविंद चंद्र. पूर्व बंगालातल्या जेसोरच्या सरकारी खजिन्यात नाणी पारखायची नोकरी. प्रवेश परीक्षेत तीनदा नापास. आधी तीन इंची दुर्बिणीनं रूपविकारी, म्हणजे तेज बदलणारे, तारे बघू लागले, अमेरिकेतल्या रूपविकारी तारे निरीक्षकांच्या संघटनेकडे नोंदी पाठवू लागले, आणि १९२६मध्ये त्या संघटनेनं खूश होऊन त्यांना सहा इंची दुर्बीण पाठवली. १९१९ ते १९५४ या काळात त्यांनी सदतीस हजारांहून जास्त नोंदी केल्या. दिवसा खोटं नाणं आणि खरं नाणं, रात्री सात-एक आणि सात-दोन. हिशेबखात्यातल्या माणसाला याहून मोठा देव कुठला मिळणार? नाना हे चरित्र सांगतात तेव्हा सदतीस हजारांवर फार थांबत नाहीत. "तीनदा नापास," ते म्हणतात आणि तीन बोटं वर धरतात. त्यांच्या नातवानं बारावीच्या निकालाच्या दिवशी हीच तीन बोटं आधीच वर धरून घरात प्रवेश केला होता.

२०१९च्या डिसेंबरात नानांना जन्मात एकदाच प्रसिद्धी मिळाली आणि त्यांना ती सहन झाली नाही. काक्षी, म्हणजे मृगाच्या खांद्यावरचा तांबडा तारा, एकाएकी मंदावू लागला. फेब्रुवारीपर्यंत तो नेहमीपेक्षा एका प्रतीहून जास्त उतरला. आता हा फुटणार, अशा बातम्या आल्या आणि अख्खी सोसायटी गच्चीवर आली. एकानं विचारलं, "नाना, गाड्या आत घ्यायच्या का?" नाना मनातून धुमसत होते. "काक्षी एका प्रतीनं उतरला तर टीव्हीवर चर्चा. आमचा सहा प्रतींनी उतरतो, दर चौदा महिन्यांनी उतरतो, कधी कोणी कुत्रं विचारलंय?" पुढे कळलं की काक्षीनंच बाहेर टाकलेल्या धुळीचा पडदा आड आला होता. नानांच्या चेहऱ्यावर भाव होता: धूळच ना, आमच्या घरचीच बाब.

पावसाळ्यात मात्र माणूस बघवत नाही. तशी निसर्गानं थोडी दया केली आहे. जूनच्या सुरुवातीला सूर्य स्वतःच 'आर'च्या शेजारी असतो, तेव्हा ढग नसते तरी तारा दिसलाच नसता, ही नानांची दरवर्षीची सांत्वना. पण ऑगस्ट-सप्टेंबरची पहाट पाण्यात जाते ती जाते. त्यातून चौदा महिन्यांचा फेरा आणि बारा महिन्यांचं वर्ष यांचा कधी मेळ नाही. शिखर एका वर्षी जानेवारीत आलं, की पुढचं मार्चमध्ये, त्यापुढचं मेअखेर उन्हात, आणि त्यानंतरचं भर पावसात. ओळीनं दोन शिखरं बुडतात. अशा वर्षी कॅलेंडर आडव्या रेघांनी भरतं आणि नानांना मोजायला काहीतरी लागतं. जिन्यातल्या ट्यूबलाइटचा फडफडण्याचा काळ. सेक्रेटरींची मनःस्थिती, जी ऑडिटच्या सुमारास किमान असते. काकूंचं बोलणं त्यांनी मोजलं नाही. इतकं शहाणपण त्यांच्यात आहे.

त्यांचं स्वतःचं बोलणं मात्र पावसाळ्यात बंदच होतं. काकूंनी विचारलं, चिडलात का, तर म्हणतात, "तारा मंदावतो तेव्हा तो विझत नाही. त्याची बरीच ऊर्जा अवरक्तात जाते. आपल्या डोळ्याला ती दिसत नाही, एवढंच. मी चिडलो नाही, अवरक्तात आहे."

"मग जरा उजेडात या," काकू म्हणतात, "गवार निवडायची आहे."

सध्या नानांच्या आकाशावर वेगळंच संकट आहे. दक्षिणेला वीस मीटरवर नवा टॉवर उभा राहिला. 'आर' याम्योत्तरावर येतो तेव्हा आमच्या गच्चीवरून छप्पन्न अंश उंच असतो. आपला अक्षांश सव्वाएकोणीस, ताऱ्याची क्रांती उणे पंधराच्या आसपास, दोन्हींची बेरीज नव्वदातून वजा केली की उरतात ते. वीस मीटरवरची भिंत आमच्या गच्चीच्या वर तीस मीटर चढली की छप्पन्न अंश संपले. म्हणजे आमचे सात मजले आणि वर दहा. टॉवरचा सतरावा स्लॅब पडला त्या रात्री नाना गच्चीवर गेलेच नाहीत. हल्ली तारा आधीच पकडावा लागतो, आग्नेयेला असताना, टॉवरच्या दोन विंगांमधल्या फटीतून. फटीतून जाताना तो जेमतेम काही मिनिटं हाती लागतो, आणि नेमकं तेव्हाच पाणी येतं.

त्यात आमचीही इमारत पुनर्विकासाला निघाली. बिल्डरच्या लोकांनी सभेत पडद्यावर चित्रं दाखवली: तेवीस मजले, जिम, मुलांसाठी पाण्याची घसरगुंडी, आणि सर्वांत वर 'स्टार गेझिंग डेक'. डेकवर एक दुर्बीण, एक गोरं कुटुंब आणि मागे अख्खी आकाशगंगा. सगळ्यांनी नानांकडे बघून टाळ्या वाजवल्या. नाना पुढे गेले, चष्मा कपाळावर घेऊन चित्र जवळून पाहिलं आणि म्हणाले, "यात मृग उलटा आहे."

बिल्डरच्या माणसानं लगेच लिहून घेतलं. मृग, उलटा. मुलगा तरुण होता, मन लावून काम करणारा. म्हणाला, "होऊन जाईल काका. डिझाइनवाल्यांना सांगतो. तुमची आणखी काही अपेक्षा?"

"एकच," नाना म्हणाले. "दक्षिणेला छप्पन्न पाहिजेत. मोकळे. आणि लेखी."

मुलानं तेही लिहिलं, मग पेन थांबवून मान वर केली.

"छप्पन्न… कार्पेट की बिल्टअप?"